विजयमालाबाईंची साक्ष

दोन हजार अठरा साल सरत होतं. त्या वर्षी जमुनेच्या खादरात, नदीकाठच्या सखल गाळाच्या रानात, धुकं दिवाळीलाच येऊन बसलं आणि आगंतुक पाहुण्यानं मुक्काम ठोकावा तसं होळीपर्यंत हललं नाही. दिल्ली सोडून बागपतच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला नदीपर्यंत उसाचं रान आहे. त्या रानात कृष्णात हवालदारांचं गुऱ्हाळ होतं. गाव तिकडचं, बोली तिकडची, आणि शिवेवर हे एकच कोल्हापूरकडचं बिऱ्हाड.

कृष्णात पलटणीतून दिल्ली छावणीत निवृत्त झाले, तेव्हा बरोबरीचे सगळे आपापल्या गावी गेले. यांच्या वाट्याला गावी भावकीत वाटून उरलेला एक दगडाळ तुकडा होता. पण बायको गुळव्याची लेक होती. विजयमालाबाई लहानपणी बापाच्या मागे गुळाच्या काहिलीभोवती फिरूनच मोठ्या झाल्या. गावच्या चौधरी ओमबीर यांनी गुऱ्हाळासाठी शिवेवरची जागा तोंडी शब्दावर दिली. हंगामातली पहिली ढेप चौधरींच्या उंबऱ्यावर जायची, एवढाच त्या शब्दाचा पुरावा.

तिथल्या कोल्हूवरचा, म्हणजे तिकडच्या गुऱ्हाळांवरचा, गूळ काळपट असायचा. बाईंचा गूळ पिवळाधमक. गाव त्यांना 'मराठन' म्हणायचं, आधी हसून, मग मानानं. त्यांनी माहेरची एक रीत तिथं चालू ठेवली होती. गुऱ्हाळावर आलेला माणूस तहानेला परत जाता कामा नये. ट्रॅक्टरवाला असो, वाटसरू असो, गावातली उनाड पोरं असोत, पेलाभर रस मिळायचाच. चौधरींचा पुतण्या तेजपाल तर रोजच यायचा. खाटेवर पाय पसरून बसायचा आणि भाभी, और पिलाओ, म्हणायचा.

भाभी म्हणजे भक्ती, बाईंची सून. कागलकडची मुलगी, लग्नाला वर्ष होत आलेलं. नवरा उदयसिंह फौजेत, अरुणाचलात पोस्टिंगवर. आल्या आल्या दोन महिन्यांत तिनं तिकडची हिंदी अशी उचलली की, ट्रॉल्यांचा नंबर लावायचं काम कृष्णातांनी आपणहून तिच्याकडे दिलं. कुणी मध्ये ट्रॅक्टर घुसवला की ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "ताऊ, बारात में आए हो क्या, जो आगे बैठोगे?" म्हातारे हसत ट्रॅक्टर मागे घ्यायचे.

पौषातल्या एका दुपारी रस काहिलीत उकळत होता. मळी धरायला भेंडीचं पाणी लागतं. त्यासाठी वाळत चाललेली भेंडीची झाडं उपटून आणायला भक्ती रानाच्या पलीकडच्या बांधाला गेली. बाई काहिलीपाशी होत्या. काहिलीतला पाक जवळ आला होता. असा पाक आला की गुळव्या इकडची मान तिकडे करत नाही. पाण्यात थेंब टाकायचा, बोटांत गोळी वळते का बघायचं, आणि त्या घटकेला काहील उतरवायची. क्षणभर उशीर झाला तर सगळं गेलं.

भक्ती धुक्यातून आली. हातात भेंडी नव्हती. ओढणी नव्हती. एका पायात चप्पल होती. ती काहिलीखालच्या चुलवणाच्या उबेला येऊन उभी राहिली आणि दात वाजवत नुसती विस्तवाकडे बघत राहिली. मनगटावर बोटांचे वळ उठले होते, कोपर सोलवटलं होतं, कुर्त्याची एक बाही खांद्यापासून उसवली होती.

बाईंनी हातातला झारा टाकला. सुनेला धरून आत नेलं.

"कोण?"

"तेजपाल."

 बाहेर काहील करपली. जन्मात बाईंच्या हातून करपलेली ती पहिली काहील. जळक्या गुळाचा वास धुक्याबरोबर गावभर पसरला. चुलवणात चिपाडं टाकणारा माणूस हाका मारत राहिला, पण बाईंना ऐकू येत नव्हतं.

त्यांनी माहेरी जे पाहिलं होतं तेच केलं. मर्तिकाहून माणूस परतलं की आधी अंगावर पाणी घेतं, अंगावरचे कपडे बाजूला टाकतं, मग घरात शिरतं. गुऱ्हाळाला गरम पाण्याची ददात नसते. बाईंनी बादल्या भरल्या, सुनेला पाटावर बसवलं, डोक्यावरून पाणी घातलं. शिकेकाई लावून पाठ घासली, हात घासले, नखंसुद्धा घासली. भक्ती लहान मुलासारखी बसून होती. तिला आपला नवा स्वेटर घातला. मग तिचे कपडे काठीवर उचलून बाहेर आल्या आणि चुलवणात लोटले. जाळ एकदम वर आला. ती घाण घरात राहू नये, पोरीच्या दृष्टीस पुन्हा पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. मायेनं केलं, आणि तिथंच चुकलं.

संध्याकाळी कृष्णातांना कळलं. ते गुडघ्यांवर तळवे ठेवून खाटेवर बसले. सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस, पण त्या दिवशी बोलला तो जमिनीकडे बघून. म्हणाले, हंगाम होऊ दे. जागा चौधरींची आहे. काहील, इंजिन, सगळा संसार त्यांच्या जमिनीवर उभा आहे. उदय रजेवर आला की सूनबाईला गावी पाठवू. तिकडे कुणाला काही कळायचं नाही.

 बाईंनाही तेच बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर. पण भक्ती दारात येऊन उभी राहिली होती. स्वेटरच्या बाह्या तिला लांब होत होत्या.

"बाबा, मी गावी जायचं आणि त्यानं इथं खाटेवर बसून रस प्यायचा?"

कृष्णातांनी मान वर केली नाही.

"मला तक्रार करायची आहे," ती म्हणाली. "आणि मला इथंच राहायचं आहे."

सगळी गोष्ट त्या एका वाक्यावर उभी होती, हे बाईंना तेव्हाच कळलं. तक्रार करायची तर जागा जाणार. जागा ठेवायची तर पोरीनं मान खाली घालून जन्म काढायचा. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि मयूर विहारला फोन लावला.

मयूर विहारला लुंबिनी राहायची. आईवडील अमरावतीकडचे, वडील मंत्रालयात नोकरीला येऊन दिल्लीचेच झालेले. ती वकील होती. अशा बायकामुलींच्या केसेस चालवायची. ओळख गुळाची. तिच्या आईला संक्रांतीला बाईंच्याच हातचा गूळ लागायचा. लुंबिनी पहाटेची निघाली आणि धुक्यात चाचपडत गाडी घेऊन उजाडता उजाडता गुऱ्हाळावर आली. आल्यावर तिनं काय झालं हे विचारलं नाही. भक्तीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, तू सांगशील तेवढंच, तू म्हणशील तेव्हाच. मग बाईंना विचारलं, "काकू, कपडे कुठेत?"

बाईंनी चुलवणाकडे बोट दाखवलं.

लुंबिनीनं डोळे मिटले आणि उघडले. रागावली नाही. "अच्छा," एवढंच म्हणाली.

पोलीस ठाण्यात मात्र बोलणी खावी लागली. तिथली बाई शिपाई कपडे मागत होती. जाळले म्हटल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी म्हणाला, नहला-धुला के लाए हैं, अब क्या मिलेगा. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भक्तीला पडद्याआड नेलं. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन वळ, खरचटणं, सगळं नीट लिहून घेतल्याचं सांगितलं. मग बाईंकडे वळून, आवाज न चढवता, पण ठाम सुरात समजावलं. अंघोळ घालायची नव्हती. कपडे धुवायचे नव्हते, जाळायचे तर नव्हतेच. कागदात गुंडाळून जसेच्या तसे आणायचे होते. जे पुरावे होते ते तुम्ही आपल्या हातानं पुसलेत. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. आयुष्यभर ज्या हातांचं गाव कौतुक करत आलं होतं, ते त्यांनी पदराखाली घेतले.

 परतताना लोणी गावाच्या पुढं ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा बाई पुटपुटल्या की माझ्यामुळं पोरीची केस गेली.

"कपडे गेले, काकू," लुंबिनी म्हणाली. "भक्ती आहे ना. बोलणारी ती आहे, कपडे नाहीत."

मागे बसलेल्या भक्तीनं सासूचा हात पदरातून बाहेर ओढून काढला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला.

तेजपालला पकडून नेलं आणि तिसऱ्या दिवशी चौधरी ओमबीर गुऱ्हाळावर आले. बरोबर गावातली चार वजनदार माणसं. खाटा टाकल्या गेल्या. चौधरी वाईट माणूस नव्हते. कृष्णातांच्या आजारपणात त्यांनीच स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. तेच आता हात जोडून बसले. पोरगा आहे, चूक झाली, म्हणाले. तुमची सून आमची सून. जागेचा शब्द आम्ही मोडणार नाही, हवी तितकी वर्षं गुऱ्हाळ चालवा. तेवढी तक्रार मागे घ्या, आणि मुलीला थोडे दिवस आपल्या मुलखात पाठवा. कृष्णात ताठ उभे होते, पण बोटं धोतराच्या काठाशी चाळा करत होती. समोर चौधरी बसलेले आणि आपण उभे, हेसुद्धा त्यांच्या ध्यानात नव्हतं.

चरक चालू होता. रसाची धार पडत होती. पेले धुवून पालथे घातलेले होते. बाईंनी एकही उचलला नाही. वजनदार माणसांपैकी एकानं एकदा तिकडे पाहिलं, मग दुसऱ्यानं. शेवटी चौधरींनीच विचारलं, "क्यों मराठन, आज रस नहीं पिलाओगी?"

"रस तो सबका है, चौधरी," बाई म्हणाल्या. "आज आपका नहीं।"

कृष्णातांनी दचकून बायकोकडे पाहिलं. मग सावकाश जाऊन ते तिच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी आपल्या तोंडानं एवढंच सांगितलं की तक्रार सुनेची आहे, ती मागे घ्यायचा अधिकार आमचा नाही. चौधरी उठले. जाताना म्हणाले, तर मग जागा मोकळी करा.

त्या दिवसापासून ट्रॉल्या येईनाशा झाल्या. चिपाडं टाकणारा माणूस येईनासा झाला. किराणावाला बाईंना बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बसे. चुलवण गार पडलं. काहिलीत दंव साठायचं. कृष्णात रोज सकाळी ती फडक्यानं पुसून लख्ख करायचे. जणू उद्याच लागणार आहे.

उदयसिंहला सांगायचं बाईंनी लांबवलं होतं. दूर डोंगरात एकटा, हातात बंदूक, ही भीती. भक्तीनं एका दुपारी स्वतःच फोन केला. बाई आत भाकरी थापत होत्या, हात थांबले. भक्तीनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. पलीकडून उदयनं काहीतरी विचारलं. मग भक्ती म्हणाली, "हो. आईंनी केलीय भाकरी. जेवते." आणि फोन ठेवून पहिल्यांदा रडली. त्यानं काय विचारलं होतं ते बाईंना कळलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

तो रजा काढून आला तेव्हा डोळे लाल होते. बॅग टाकली आणि कोपऱ्यातला कोयता उचलला. तेजपाल जामिनावर सुटून आल्याची बातमी त्याला स्टेशनवरच मिळाली होती. कृष्णात आडवे आले तर त्यांना बाजूला केलं. भक्ती दारात आडवी झाली नाही, रडलीही नाही. ऊस सोलत बसली होती, तिथूनच म्हणाली, "तू त्याला मारलंस तर ती तुझी केस होईल. माझी राहणार नाही. जा जायचं तर."

उदयसिंह उंबऱ्यावरच बसला. संध्याकाळपर्यंत बसून राहिला. मग त्याच कोयत्यानं त्यानं अंगणातलं उसाचं पाचट तोडून साफ केलं.

गुऱ्हाळ बंद, तर हात रिकामे. बाई ऊस तोडायला जाऊ लागल्या, लांबच्या बांधावरच्या लहान शेतकऱ्यांकडे, जिथं चौधरींचा दरारा कमी होता. रांगेत बायका वाकून ऊस सोलत. पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. बायका पलीकडे सरकल्या. बाई सोलत राहिल्या आणि कुणाकडे न बघता बोलू लागल्या. जे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच, आपल्या मोडक्या हिंदीत. घर में किसी के साथ ऐसा हो जाए तो लड़की को नहलाना मत. कपड़ा धोना मत, जलाना मत, कागज़ में बाँधो. पहले अस्पताल. और उसको पूछो मत कि तू वहाँ गई क्यों थी.  एकीनं कुत्सित हसून विचारलं की मराठन, लाज नाही वाटत घरचं असं रानात मांडायला? बाई म्हणाल्या, वाटते. कपडे जाळल्याची वाटते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी फूलवती नावाची बाई जागा बदलून त्यांच्या शेजारी आली. दोन मुली शाळेत चालत पाठवणारी विधवा. तिनं विचारलं, "प्लास्टिक की थैली चलेगी, कि कागज़ ही चाहिए?" ते ऐकून बाईंच्या हातातला विळा थांबला. दोन दिवस त्या भिंतीशी बोलत होत्या, आज भिंत बोलली होती. "कागज़," त्या म्हणाल्या. "थैली में कपड़ा सड़ता है।"

त्या फूलवतीनंच आपल्या शेताचा नदीकडचा कोपरा गुऱ्हाळाला दिला. दीर बोलले, गाव बोललं. ती म्हणे, जमीन माझ्या नवऱ्याची, मी काय वाटेल ते लावीन, ऊस लावीन नाही तर मराठन लावीन. उदयसिंहनं रजा संपायच्या आत नवं चुलवण बांधून दिलं. चरक हलवला. शिमग्याच्या तोंडावर, धुकं विरायला लागलं तेव्हा, पहिली काहील चढली. ट्रॉली एकही नव्हती. बायका डोक्यावरून मोळ्या घेऊन आल्या, आपापल्या बांधावरच्या. तेवढ्यावर काहील जेमतेम भरली. चिपाडं भक्तीनं टाकली. पहिली ढेप निघाली ती बाईंनी फूलवतीच्या उंबऱ्यावर नेली.

खटला चालला, तारखा पडत राहिल्या. मध्ये महामारीत कोर्टच बंद. भक्तीनं साक्ष दिली तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. तिला वाटेल ते विचारलं गेलं. ती पाणी पिऊन पुन्हा उत्तर द्यायची. लुंबिनी म्हणाली, मी इतक्या केसेस केल्या, अशी ताठ साक्ष कमी पाहिली.

मग वर्ष-दीड वर्षानं विजयमालाबाईंना बोलावलं. काष्ट्याची नऊवारी त्या एरवी सणालाच नेसायच्या. त्या दिवशी नेसल्या. कोर्टातली माणसं बघत राहिली. आरोपीच्या वकिलानं गोड आवाजात सुरुवात केली आणि लगेच तिथंच बोट ठेवलं. कपडे जाळलेत ते कशासाठी? त्यावर काहीच नव्हतं म्हणून ना? की जे होतं ते लपवायचं होतं?

बाईंनी कठडा धरला. समोर बाकावर तेजपाल बसला होता, शेजारी चौधरी. भिंतीशी भक्ती, कडेवर मूल. न्यायाधीशबाईंनी सांगितलं, घाई नाही, नीट सांगा.

"हाँ, मैंने जलाया," बाई म्हणाल्या. "हमारे में मैयत से आके नहाते हैं, कपड़ा फेंकते हैं। मुझे लगा, मेरी बहू को मैल लगा। मैं मूरख थी। मैल उसको नहीं लगा था। जिसको लगा था, वो सामने बैठा है।"

वकील काही म्हणणार होता. न्यायाधीशबाईंनी हात वर केला आणि टंकलेखकाला सांगितलं की, शब्द आहेत तसेच घ्या.

बाई खाली उतरल्या. मान वर होती. चौधरींच्या समोरून जाताना ती खाली झाली नाही. खाली झाली ती चौधरींची.

दोन हजार तेवीसमध्ये निकाल लागला. भक्तीची जबानी, डॉक्टरीणबाईंनी लिहून ठेवलेले वळ आणि बाईंची साक्ष, तिन्ही एकमेकांशी जुळतात असं न्यायाधीशबाईंनी म्हटलं. तेजपालला दहा वर्षांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अपील आहे, ते चालू आहे, पण तो आत आहे. चौधरी ओमबीर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. जाण्याआधी एकदा काठी टेकत नदीकडच्या गुऱ्हाळावर आले होते. खाटेवर बसले. बाईंनी त्यांना रस दिला. त्यांनी तो प्यायला आणि गेले.

फूलवतीची थोरली नर्सिंगला आहे, धाकटी गावातून सायकलनं कॉलेजला जाते, एकटी. लुंबिनीकडे त्या भागातून केसेस येतात. त्यातल्या काही बायका वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन येतात, आणि कुणी सांगितलं विचारलं तर म्हणतात, मराठननं. उदयसिंह पलटणीत नायक झाला, आता जोधपूरला आहे. कृष्णातांचे गुडघे गेले. ट्रॉल्या पुन्हा यायला लागल्या, त्यांचा नंबर ते खाटेवर बसून लावतात, कारण सूनबाई आता कामाला जाते. जिल्ह्याच्या दवाखान्यात अशा मुली येतात तिथं त्यांच्याजवळ बसायचं, त्यांच्या मर्जीनं चालायचं, हे काम. भक्तीला ते कुणी शिकवावं लागलं नाही. विजयमालाबाई सत्तरीकडे झुकल्या, पण पाक अजून त्याच बघतात.

संक्रांतीला पानिपतच्या काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकापाशी, महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसं येतात. बाई आणि भक्ती तिथं गूळ आणि रस घेऊन बसतात. गेल्या वर्षी साताऱ्याकडची एक बाई आली, शेला पांघरलेली. मराठी ऐकून हरखली. रस पिता पिता म्हणाली, बाई गं, एवढ्या परमुलखात, रानात, बायकाबायका राहता, भीती नाही वाटत?

विजयमालाबाई पेला विसळत होत्या. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण भक्ती आधी बोलली.

"आधी वाटायची हो," ती हसून म्हणाली. "आता गावालाच आमची वाटते."

बाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की पुढच्या गिऱ्हाइकाला भक्तीनंच रस ओतून दिला.